लाल ठिपका आणि कोरडी पँट

“आता जे सांगतो, त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. तुझा तर नाहीच नाही, सूनबाई. तू शिकलेली आहेस.”

मामंजींच्या तोंडून हे वाक्य निघालं की घरातलं मांजर उठून दुसऱ्या खोलीत जाई. पुढचं सगळं त्याला माहीत असे. सुनेला जायला दुसरी खोली नव्हती. हीच तिची कामाची खोली. ती आत्ता कुठे बाहेरून आली होती, पिशवी अजून खांद्यालाच होती, आणि तिने साधा प्रश्न विचारला होता. दुपारी सासूबाईंनी धुवून दोरीवर टाकलेली मामंजींची चांगली पँट, जिच्यातून तासाभरापूर्वीपर्यंत पाणी ठिबकत होतं, ती आता त्यांच्या अंगावर पापडासारखी कोरडी कशी? कोरडी तर कोरडी, वर तिच्यातून ऊब येत होती. सुनेच्या खुर्चीतून उठताना मामंजींनी खुर्चीसुद्धा गरम करून ठेवली होती.

खोलीच्या कोपऱ्यात कपडे वाळवायचं एक जुनं यंत्र होतं. त्याला कोणी हात लावायचा नाही, असं सुनेने घरात सगळ्यांना बजावून ठेवलेलं होतं. सगळ्यांना म्हणजे मामंजींना. सासूबाईंना यंत्रांचं वेड नव्हतं आणि मांजराला हात नव्हते.

“मामंजी,” सून म्हणाली, “आजच्या दिवशी तरी नको हो.”

आजचा दिवस खरंच वाईट होता. पाच वाजता लाँड्रीवाल्या बाई येणार होत्या.

हकिगत अशी. सुनेने चांगली नोकरी सोडून या मागच्या अडगळीच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं होतं. यंत्रांना अक्कल देण्याचं काम. नखाएवढी एक चिप, तिच्याभोवती हिरवा बोर्ड, बोर्डाभोवती जेवणाच्या डब्याएवढा डबा. लाँड्रीवाल्या बाईंच्या यंत्रासाठी तिने असाच एक डबा केला होता. कपडे किती ओले आहेत ते डब्याने ओळखायचं, त्याप्रमाणे ड्रम फिरवायचा, गरम हवा सोडायची आणि कपडे वाळले की आपण होऊन थांबायचं. टेबलावर, कोपऱ्यातल्या जुन्या यंत्राला जोडला की, हा डबा पाहुण्यांपुढे उभ्या केलेल्या मुलासारखा वागे: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर, हात मागे, आवाज स्पष्ट. बाईंच्या दुकानात नेला की मेल्यासारखा पडून राही. दोनदा नेला, दोनदा परत आणला. दुसऱ्या वेळी तर गिऱ्हाइकं ओल्या चादरी हातात धरून सुनेच्या पाठीमागे उभी होती आणि चादरींचं पाणी तिच्या चपलांत जात होतं.

बाई वाईट नव्हत्या. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, “ताई, शुक्रवारी पाचला मी स्वतः येते. माझ्यासमोर, तुमच्या त्या कॉम्प्युटरशिवाय, डबा एकट्याने सुरू झाला तर हा नेते आणि बाकीच्या मशीनींचेही तुम्हीच करा. नाही झाला तर कंपनीचा मागवते. मग तुम्ही रागवायचं नाही, मी लाजायचं नाही.”

आज शुक्रवार होता. त्यातच जुन्या ऑफिसातल्या साहेबांनी निरोप धाडला होता, की तुझी खुर्ची अजून रिकामी आहे. त्या खुर्चीत बसून सुनेने केलेली सगळी कामं साहेबांच्या नावावर गेली होती. खुर्ची रिकामी असल्याचं तिला नवल वाटलं नाही. डबा आज चालला नाही, तर तिथे परत जाऊन बसण्याखेरीज दुसरं करण्यासारखं काही उरत नव्हतं.

दोष शोधण्यात तिने कसूर केली नव्हती. तिच्या कॉम्प्युटरवर एक आयडीई होती. म्हणजे जिथे प्रोग्रॅम लिहायचा, तिथूनच तो केबलमधून चिपमध्ये भरायचा आणि तिथेच बसून त्याच्या चुका धरायच्या, असा सगळा एकाच छपराखालचा कारभार. प्रोग्रॅमच्या ज्या ओळीचा संशय येईल तिच्यासमोर लाल ठिपका ठेवायचा. चिप पळत पळत त्या ओळीपाशी आली की जागच्या जागी थांबते. मग एकेक कळ दाबून तिला एकेक ओळ चालवायचं आणि शेजारच्या चौकटीत बघायचं, की बाई, तुझ्या मनात या घडीला काय काय आहे? ओल किती, तापमान किती. खाली आणखी एक खिडकी, तिच्यात चिप आपण होऊन बातम्या पाठवते: जागी झाले, ड्रम फिरवला, हवा सोडली. सुनेने सगळ्या संशयित ओळींपुढे ठिपके ठेवले, प्रोग्रॅम गोवर आल्यासारखा दिसायला लागला, पण चूक नाही. केबल लावली की सगळं बिनचूक. केबल काढून डबा सुरू केला की मढं. दोष सापडत नाही याचं तिला एवढं दुःख नव्हतं. आपण बघायला बसलो की दोष साळसूदपणे उठून जातो, यापुढे तिने हात टेकले होते.

शेवटी तिने सगळे ठिपके काढून टाकले आणि वीजपुरवठ्यावर संशय घेतला. केबल असली की चिपला कॉम्प्युटरकडूनही थोडी वीज मिळते. तेवढ्यावर ती जगत असेल. म्हणून ती इलेक्ट्रिकच्या दुकानात नवा पॉवर सप्लाय आणायला गेली होती. कॉम्प्युटर चालूच, आयडीई उघडी, बातम्यांची खिडकी उघडी, केबल डब्याला लावलेली. आणि घरात मामंजी.

“हात लावलात ना तुम्ही?” सुनेने विचारलं.

“हात?” मामंजी दुखावले. “तू गेलीस. खोली एकटी पडली. म्हटलं, जरा सोबत करावी. तुझ्या त्या माऊसवर मी नुसता धीर द्यायला हात ठेवला, तर टिक् असा आवाज झाला आणि पडद्यावर एक लाल ठिपका उगवला. आणि सूनबाई, घर थांबलं.”

“चिप थांबली असेल.”

“घर! घर थांबलं. नळातून सुटलेला थेंब बादलीच्या वर वीतभर अधांतरी. खिडकीपाशी माशी पंख पसरून, अशी, फोटो काढायला बसल्यासारखी. मांजराने कपाटावर उडी मारली होती, ते वाटेतच. मी त्याच्या पोटाखालून हात फिरवून बघितला, कशाचा आधार नाही. आणि ही,” मामंजींनी स्वयंपाकघराकडे बोट केलं, “ही दारात उभी. हातात फडकं. तोंड उघडं. ‘अहो’ म्हणून झालेलं. आणि पुढे काही नाही! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ‘अहो’च्या पुढे काही आलं नाही, सूनबाई. मी खुर्ची ओढून समोर बसलो. इतकी शांतता मी दवाखान्यातसुद्धा अनुभवलेली नाही.”

सून टेबलापाशी वाकून जुन्या पॉवर सप्लायचे स्क्रू काढत होती. ऐकायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण कान काही स्क्रूने बंद होत नाहीत.

“मामंजी, त्या चिपमध्ये एक पहारेकरी असतो. प्रोग्रॅम दोन सेकंद जरी गप्प बसला तरी तो चिपला गदागदा हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तुमचं घर थांबलं तरी दोनच सेकंद थांबणार.”

“तो ना? अगं, सगळ्यांत आधी तोच थांबला. काठी उगारलेली, मिशी ताठ. मी त्याला नमस्कारही केला.”

तिने दुसरा स्क्रू हातात घेतला.

“मग मी ती एकेक ओळ चालवायची कळ दाबली. एकदा दाबली, ही म्हणाली, ‘तुम्ही’. पुन्हा दाबली, ‘परत’. पुन्हा दाबली, ‘त्या’. म्हटलं पुरे. पुढचं मला पाठ आहे. शेजारच्या चौकटीत बघतो तर हिच्या मनातलं सगळं ओळीने मांडलेलं! गुडघेदुखी, पंधरा. तुझ्याबद्दल माया, साठ. राग, सत्त्याण्णव. तो आकडा खोडून मी पाच केला. मग कळ दाबली. काय सांगू! इतकी गोड बोलली, इतकी गोड...”

“कोण गोड?” स्वयंपाकघरातून आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाई फडकं घेऊन दारात आल्या. त्यांनी मामंजींकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं, जमिनीवर लोंबणाऱ्या केबलकडे पाहिलं, आणि “चालू द्या तुमचं” म्हणून आल्या पावली परत गेल्या. सासूबाई एवढ्या कमी शब्दांत कुठून निघून गेल्याचं घराला आठवत नव्हतं. एरवी हे सुनेच्या लक्षात आलं असतं. पण घड्याळाचा काटा चारच्या बराच पुढे गेला होता.

“बघितलंस?” मामंजी हळूच म्हणाले. “राग पाच. अजून टिकून आहे.”

“आणि पँट?”

“येतो, पँटवर येतो. सगळे थांबलेले, वेळच वेळ. पाचला बागेतल्या बाकावर मंडळी जमणार, आणि माझी एकुलती एक बरी पँट ओली. म्हटलं, सुनेचं यंत्र रिकामं बसलंय. टाकली ड्रममध्ये, दाबलं बटण.”

“सगळं घर थांबलं होतं, मग ड्रम कसा फिरला?”

“ड्रमला मी सूट दिली,” मामंजी म्हणाले. “घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एवढाही अधिकार नाही का? फिरला. छान फिरला. मग कशाने कोण जाणे, ती तुझी केबल डब्यातून निसटली आणि धप्पकन खाली पडली. झालं! घर सुटलं. थेंब बादलीत, मांजर माझ्या डोक्यावर, हिचं वाक्य पूर्ण. सगळा गोंधळ एकदमच. मी बापडा केबल परत होती तशी लावून ठेवली, पँट झाल्यावर.”

“पँट झाल्यावर म्हणजे?”

“म्हणजे वाळल्यावर.”

सुनेच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. घर थांबलं होतं की नाही देव जाणे. ती मात्र थांबली.

“केबल खाली पडली तेव्हा ड्रम बंद झाला असेल ना?”

“छे. तो कशाला बंद होतोय? फिरतच होता. पँट कमरेपाशी अजून दमट होती. चांगली खणखणीत वाळेपर्यंत फिरला, मग टिंग करून थांबला.”

सुनेने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

मामंजींच्या थापा तिने लग्नानंतर पुष्कळ पचवल्या होत्या आणि तिला त्यांची जात कळत असे. त्यांची प्रत्येक थाप एक तर त्यांना मोठं करी, नाही तर त्यांना संकटातून बाहेर काढी. थेंब, माशी, पहारेकरी, राग पाच, सगळ्या याच जातीच्या. पण केबल पडल्यावरही ड्रम फिरत राहिला, या थापेत मामंजींचा फायदा काय? काही नाही. फुकट थाप मारणारा हा माणूस नव्हे. शिवाय ते ‘टिंग’. डब्याने काम पुरं झाल्यावर घंटा वाजवावी, ही सोय तिने कालच बसवली होती आणि कोणाला दाखवलीसुद्धा नव्हती. ती ऐकायची तर डबा शेवटपर्यंत चालायलाच हवा.

म्हणजे केबल नसताना डबा चालला होता.

“मामंजी, एकच सांगा. बटण दाबलंत तेव्हा केबल लावलेली होती?”

“म्हणजे, मी काही बटण...”

“थेंब राहू दे, मांजर राहू दे. नुसती मान हलवा. लावलेली होती?”

मामंजींनी दाराकडे पाहिलं, मग पँटकडे, आणि मान हलवली. होती.

सून खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती.

सुरू होताना केबल हवी, एकदा सुरू झाला की नको. म्हणजे वीज कमी पडत नव्हती. वीज कमी पडली असती तर केबल निघताच ड्रम लटपटला असता. हे आजवर तिला दिसलं कसं नाही? दिसणार कसं! पहिल्या नोकरीत एक बोर्ड जाळल्यापासून तिने हाताला वळण लावून घेतलं होतं: आधी मेन स्विच बंद करायचा, मगच केबल काढायची. ते विसरायला नको म्हणून स्विचवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली होती, ‘आधी मला बंद करा’. चालू डब्याची केबल तिने जन्मात ओढली नसती. तिची शिस्त इतकी पक्की होती, की दोष तिच्या शिस्तीच्या मागे आरामात पाय पसरून बसला होता.

तिने प्रोग्रॅम वर ढकलत ढकलत अगदी पहिल्या पानावर नेला. तिकडे कोणी बघायला जात नाही. तिथे नुसती मांडामांड असते, तिथे काय बिघडणार? लाल ठिपके तिने सगळे खाली, मोठमोठ्या हिशेबांपुढे ठेवले होते. आणि इथे, चिपला जाग येताच दुसऱ्या क्षणी, एक छोटीशी ओळ होती. अर्थ असा, की बातम्यांची खिडकी उघडून समोर कोणीतरी ऐकायला बसेपर्यंत थांबून राहा.

ओळ तिचीच. काम मांडलं त्या पहिल्या आठवड्यात लिहिलेली. तेव्हा चिप इतक्या घाईने बोलून टाकायची, की खिडकी उघडेपर्यंत पहिल्या बातम्या हवेत विरून जात. म्हणून तिने चिपला बजावलं होतं, मी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मग ती ओळ ती स्वतः विसरली. चिप विसरली नाही.

म्हणजे लाँड्रीत तो डबा मेलेला नव्हताच. चादरी टपकत होत्या, बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि तो आज्ञाधारकपणे वाट बघत होता, की कोणी ऐकायला बसलं की सुरू करू. श्रोता मिळेना म्हणून गप्प.

सुनेने मान वळवून मामंजींकडे पाहिलं. हा स्वभाव तिच्या चांगला ओळखीचा होता.

“काय झालं?” मामंजींनी विचारलं. “मी काही बिघडवलं का गं?”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही आता दोन मिनिटं काही बोलू नका. तुमच्या पाया पडते.”

तिने ती ओळ खोडली. जुन्या पॉवर सप्लायचे स्क्रू परत बसवले, मेन स्विच लावला आणि प्रोग्रॅम पुन्हा चिपमध्ये भरला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. मग आधी मेन स्विच बंद केला (वळण ते वळण) आणि मग केबल काढून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. स्विचवर बोट ठेवणार, तोच दारावरची घंटा वाजली.

लाँड्रीवाल्या बाई नेहमीसारख्या घाईत होत्या. काखेत एक पिळलेला टॉवेल.

“ताई, माझं ओलं मीच घेऊन आलेय. म्हणजे नंतर वाद नको. कुठे आहे कॉम्प्युटरची वायर?”

“ती तिकडे.”

“आणि डबा इकडे. बरं.” बाईंनी टॉवेल ड्रममध्ये टाकला, दार लावलं, आणि कमरेवर हात ठेवले. हे हात सुनेला लाँड्रीपासून पाठ होते.

करून बघायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. हीच पहिली चाचणी आणि हीच शेवटची. सुनेने मेन स्विच दाबला, मग डब्याचं बटण. सासूबाई पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या. मांजर कपाटावरून बघत होतं. मामंजी खरोखरच गप्प होते, आणि त्यामुळे खोली जास्तच अवघडली होती.

काही नाही.

सुनेला साहेबांची खुर्ची दिसली. तिचं एक चाक करकरायचं, तेही ऐकू आलं.

मग डब्यात ‘टक्’ झालं. ड्रम जरासा मागे झुकला, जणू पाय रोवतोय, आणि फिरायला लागला. टॉवेल आत धपाधप आपटायला लागला. गरम हवेचा वास खोलीभर पसरला.

बाईंनी कमरेवरचे हात काढले. टॉवेल वाळेपर्यंत त्या हलल्या नाहीत, चहासुद्धा उभ्यानेच घेतला. शेवटी डबा ‘टिंग’ म्हणाला, ड्रम थांबला, बाईंनी टॉवेल काढून गालाला लावून बघितला.

“उद्या सकाळी दुकानात या,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या मशीनी मोजून घ्या. हा डबा मी आत्ताच नेते. आणि ती घंटा छान आहे हो, सगळ्यांना बसवा.” मग त्यांनी टॉवेलची घडी घातली आणि विचारलं, “पण ताई, झालं तरी काय होतं त्याला?”

सुनेने तोंड उघडलं. मीच लिहिलेली एक ओळ मीच विसरले, हे नव्या गिऱ्हाइकाला कसं सांगावं, याचा विचार करायला तिला एक क्षण लागला. मामंजींना तेवढा क्षण भरपूर होता. समोर नवीन माणूस ऐकायला उभं होतं.

“बाई, मी सांगतो. विश्वास बसणार नाही तुमचा,” ते पुढे सरसावले. “हिला दोष सापडेना. जेवण जाईना. मी म्हटलं, सूनबाई, तू जरा बाहेर फिरून ये. ती गेली आणि मी काय केलं? सगळं घर थांबवलं! थेंब हवेत, माशी हवेत, ही दारात पुतळ्यासारखी. त्या शांततेत नीट विचार केला. आणि ड्रम ऐन रंगात आलेला असताना, मुद्दाम, परीक्षा घ्यायला म्हणून, या हाताने ती केबल मी अश्शी ओढून काढली! दोष असा उघडा पडला की...”

“खोटं!” सासूबाई फडकं आपटत दारातून आत आल्या. “साफ खोटं! केबल माझ्या पायात अडकून निघाली, मी फरशी पुसत होते तेव्हा! पुतळा म्हणे! आणि हे काय करत होते विचारा. कमरेला पंचा गुंडाळून त्या मशीनसमोर उकिडवे बसले होते, आणि ‘सुनेला सांगू नकोस, सुनेला सांगू नकोस’ म्हणून माझ्या विनवण्या करत होते!”